स्थिर आकार माफ करा म्हणून सही करू का?

पत्र आर्वी तालुक्यातून आलंय, जरा छोटं करून देतो (स्थिर आकार म्हणजे वापर कितीही असो, बिलात दर महिन्याला लागणारी ठरलेली रक्कम):

"काका, मागच्या वर्षी घराच्या स्लॅबवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. ७८ हजार सबसिडी जमा झाली. आधी उन्हाळ्यात तीन-साडेतीन हजार बिल यायचं, आता दीडशे येतं. शेजारी एक मामी राहतात, टिनाचं घर आहे, त्यांचं साडेसहाशे येतं. परवा पानठेल्यावर त्यांचा मुलगा सगळ्यांसमोर बोलला की तुम्ही सोलरवाले लाईन फुकट वापरता आणि दर आमचा वाढतो. मला राग आला, मी म्हटलं मी तर उलट वीज देतो. आता तालुक्यातल्या सोलरवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात निवेदन फिरतंय की आम्ही वीज तयार करतो तर आमचा स्थिर आकार माफ करा, कास्तकाराचा पंप फुकट चालतो मग आम्ही काहून भरायचं. माझी सही मागतायत. आणि सोलर लावून देणारा म्हणतो आणखी २ किलोवॅट वाढव, पैसे कमव. काय करू? मामींशी आमचे संबंध चांगले आहेत, ते बिघडायला नको."

भाऊ, पहिले सरळ उत्तर देतो, कारण मला माहितीये तू खाली वाचशील की नाही याचा भरवसा नाही. त्या निवेदनावर सही करू नको. २ किलोवॅट वाढवू नको. आणि मामींचा मुलगा अर्धा बरोबर बोलला, पण रागावून बोलला म्हणून तुला पूर्ण चूक वाटला.

आता का ते सांगतो. तुझ्या बिलाचा फोटो तू पाठवलास ते बरं केलंस, लोकं नुसतं "बिल कमी आलं" एवढंच पाहतात आणि कागद फ्रिजवर ठेवून देतात. त्यात बघ, आयात १५० युनिट लिहिलंय आणि निर्यात २१५. म्हणजे रात्री, सकाळी लवकर आणि ढग होते तेव्हा तू लाईनीवरून १५० युनिटं घेतली, आणि भर दुपारी घरात कोणी नसताना तुझ्या स्लॅबवरून २१५ युनिटं लाईनीवर गेली. वजाबाकी केली की ६५ युनिटं तुझीच जास्त, ती पुढच्या महिन्यात जमा. म्हणून वीज आकार शून्य, वहन आकार शून्य, फक्त स्थिर आकार आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क, झाले दीडशे रुपये. विजेचा हिशोब धरला तर तुझं म्हणणं खरं आहे, तू घेतलीस त्यापेक्षा जास्त दिलीस, कोणाचं काही खाल्लं नाहीस.

पण लाईनीचा हिशोब वेगळा आहे ना बाप्पा. १५० आली आणि २१५ गेली म्हणजे त्या तारेवरून, त्या डीपीतून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरमधून) तुझ्या नावावर ३६५ युनिटांची ये-जा झाली. मामींचा वापर तू ८५ युनिट लिहिलास. म्हणजे लाईन कोण जास्त वापरतं? तू, चौपटीहून जास्त. आणि वहन आकार, जो लाईन वापरण्याचाच पैसा आहे, तो मामी ८५ च्या ८५ युनिटांवर भरतात आणि तू शून्य युनिटांवर. नेट मीटरिंगची (घेतलेल्या विजेतून दिलेली वजा करून बिल काढायची) पद्धतच अशी आहे, तू काही चोरी केली नाहीस, आकडा टाकला नाहीस, पण तो पोरगा जे बोलला त्यात तथ्य इथे आहे. आता तुझ्या बिलात लाईनीच्या नावाने जे काही उरलंय ते फक्त स्थिर आकार, आणि नेमका तोच माफ करा म्हणून तुम्ही निवेदन देताय.

आणखी एक गोष्ट, तू स्वतःच पत्रात लिहिलीस पण तिचा अर्थ लावला नाहीस. लाईन गेली की तुझं सोलरही बंद पडतं, भर उन्हात, आणि तुला त्याची चीड येते. ते बंद पडायलाच पाहिजे. लाईन बंद करून लाईनमन खांबावर चढला असेल आणि तुझ्या स्लॅबवरून तारेत करंट येत राहिला तर तो बिचारा जाईल. म्हणून हे इन्व्हर्टर लाईनीचा व्होल्टेज दिसला तरच चालतात. मोटर सुरू करताना जो झटका लागतो तोही लाईनच देते, पॅनल नाही. म्हणजे "माझी वीज मी तयार करतो" हे दुपारी १२ ला खरं आहे, रात्री ८ ला कुलर लावतोस तेव्हा नाही. रात्री ८ ला तुझ्या घरात येते ती मुख्यतः कोळशाचीच, चंद्रपूरची, कोराडीची, खापरखेड्याची, पारसची (चंद्रपूरचं एकटं केंद्र २९२० मेगावॅटचं आहे, आणि राख कोणाच्या अंगणात पडते ते आपल्याला विदर्भवाल्यांना वेगळं सांगायला नको). ती केंद्रं दुपारी सोलर आलं म्हणून खटक्याने बंद करून संध्याकाळी परत चालू करता येत नाहीत, साधारण ५५ टक्क्यांच्या खाली भार नेणं कठीण जातं. आणि करार असे असतात की वीज घ्या नाहीतर नका घेऊ, केंद्राचा ठरलेला खर्च महावितरणने द्यायचाच. तो खर्च शेवटी ग्राहकाच्याच बिलात येतो, आणखी कुठे जाणार.

मग दर कसा वाढतो? एक मनचा हिशोब घे, आकडे माझे आहेत, फक्त समजायला. एका डीपीवर ५० घरं. तार, डीपी, दुरुस्ती, माणसं, सगळं मिळून महिन्याला १०,००० रुपये लागतात. घरं मिळून ५,००० युनिटं घेतात, म्हणजे युनिटमागे २ रुपये. आता १० घरांनी सोलर लावलं. ही १० घरं कोणती असतात? ज्यांचा स्लॅब आहे, ज्यांना बँक कर्ज देते, ज्यांचं बिल मोठं आहे. त्यांची २,००० युनिटं बिलातून गेली, राहिली ३,०००. तार तेवढीच, डीपी तोच, खर्च १०,००० च. युनिटमागे झाले ३ रुपये ३३ पैसे, आणि ते भरणार टिनाची घरं.

यात आपल्याकडच्या स्लॅबची गंमत आणखी आहे (दराचा स्लॅब म्हणतोय, छताचा नाही). पहिल्या १०० युनिटांचा वीज आकार कमी आणि १०१ ते ३०० चा त्याच्या दुपटीहून जास्त. पहिला टप्पा सरासरी खर्चापेक्षा स्वस्त ठेवलाय, तो घाटा वरच्या टप्प्यातले, दुकानवाले, कारखानेवाले भरून काढतात. तू उन्हाळ्यात साडेतीन हजार भरायचास तेव्हा तू मामींसारख्यांचा थोडा भार उचलत होतास, तुला कोणी थँक्यू म्हटलं नसेल ती गोष्ट वेगळी. तू सोलर लावलं आणि तो भार खाली ठेवला. तुझा हक्क आहे, पण तो भार हवेत विरत नाही.

आता मामींच्या मुलालाही ऐकवायचं ते ऐक. महावितरणचा दर गावापुरता ठरत नाही, सुमारे ३ कोटी ग्राहकांना मिळून एकच दरपत्रक आहे. तुझ्या ३ किलोवॅटने मामींचं बिल वाढलं असं म्हणणं म्हणजे काहीच्या काही. बिल वाढायची मोठी कारणं दुसरी आहेत: कोळसा, केंद्रांचे करार, गळती, थकबाकी. आणि तुझ्या सोलरचा गावाला फायदाही आहे की. गावठाण फीडर आणि कृषी फीडर (घरांची आणि शेतीची वीजवाहिनी) वेगळे केलेत तिथे तुझी दुपारची वीज वावरातल्या पंपाला जात नाही, ती तुझ्याच डीपीवरच्या चक्कीला, शाळेला, ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरला जाते. लांबून वीज आणताना तारेत जी वाया जाते तेवढी वाचते. फक्त हेही खरं की एकाच डीपीवर आठ-दहा जणांनी लावलं आणि सगळं गाव वावरात गेलं असेल तर वीज घ्यायला कोणीच नसतं, मग व्होल्टेज २५० च्या वर चढतो, इन्व्हर्टर ट्रिप होतात आणि तुम्हीच ग्रुपवर बोंबलता की जनरेशन कमी आलं.

गावात नळयोजना आहे ना? ज्याच्या घरी बोअर आहे तो म्हणतो मी नळाचं पाणी घेत नाही, पाणीपट्टी कशाला भरू. आणि एप्रिल-मेमध्ये बोअर आटला की पहिला हंडा घेऊन तोच येतो नळावर. टाकी, पाइप, मोटर बाकीच्यांनी वर्षभर पैसे भरून चालू ठेवलेली असते. तुमचं निवेदन हे त्या बोअरवाल्याचं निवेदन आहे, वाईट वाटून घेऊ नको.

कास्तकाराच्या फुकट पंपाचा मुद्दा तर काढूच नको, तो मुद्दा घेऊन गेलात तर गावातच मार खाल. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल सरकार महावितरणला भरतं, एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत. ते बरोबर का चूक यावर भांडण होऊ शकतं, मलाही त्यात शंका आहेत, पण ते पैसे सरकारच्या तिजोरीतून उघड जातात, विधानसभेत त्यावर बोलता येतं. तुमचा स्थिर आकार माफ झाला तर तो कोणत्याही बजेटमध्ये दिसणार नाही, गुपचूप मामींच्या युनिटमध्ये जाऊन बसेल. एवढा फरक आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये सोलर इतकं झालं की दुपारी वीज ठेवायला जागा नाही आणि संध्याकाळी तुटवडा, आणि बिन-सोलरवाल्यांचे दर वाढले म्हणून वाद पेटला. शेवटी एप्रिल २०२३ पासून नवीन लावणाऱ्याला दिलेल्या युनिटचा मोबदला जवळपास पाऊण हिश्श्याने कमी केला. पण जुन्यांना त्यांच्या जुन्या नियमावर २० वर्षं ठेवलं, हे लक्षात ठेव, खाली कामी येईल. पाकिस्तानात २०२४ मध्ये एका वर्षात चीनहून जवळपास १७ गिगावॅटचे पॅनल आले. ज्यांच्याकडे पैसा ते लाईनीवरून हळूहळू निघाले, केंद्रांचे ठरलेले पैसे गरिबांच्या बिलावर आले, आणि मार्च २०२५ मध्ये सरकार सोलरवाल्याच्या युनिटचा भाव २७ रुपयांवरून १० वर आणायचं म्हणू लागलं. तिथे सोलरवाले ओरडले, बाकीचे खूश झाले, आणि शेजारी शेजाऱ्याचा वैरी. आपल्याकडे अजून ती वेळ आली नाही. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ला आली, उद्दिष्ट देशभर १ कोटी घरांचं आहे. म्हणजे भांडण पुढे येणारच आहे, आत्ता शहाणपणाने बोललात तर बरं.

मग निवेदन द्यायचंच नाही का? द्या, पण दुसरं द्या. वीज नियामक आयोग दर ठरवण्याआधी हरकती मागवतो, जाहीर सुनावणी होते, नागपूर-अमरावतीलाही झालेल्या आहेत, आणि तिथे बहुतेक कारखानेवाल्यांचे वकील आणि दोन-चार जुने कार्यकर्ते असतात, गावखेड्यातला माणूस दिसतच नाही. तिथे मागायचं ते हे मागा की ज्यांनी आजच्या नियमावर विश्वास ठेवून कर्ज काढून सोलर लावलं त्यांचा नियम मधेच बदलू नका, पुढे बदलायचा तर नवीन लोकांना आधी सांगून बदला. ही मागणी रास्त आहे, ७८ हजार सबसिडी मिळूनही बाकीचे लाखभर घरचेच लागतात, हप्ता चालू असताना खेळाचे नियम बदलले तर कोण विश्वास ठेवेल. दुसरं म्हणजे स्थिर आकार माफ करा नको, तर मंजूर भाराप्रमाणे लावा असं म्हणा, म्हणजे ज्याचं ५ किलोवॅटचं सोलर आणि दोन एसी त्याचा जास्त, आणि एका खोलीत दोन बल्ब एक पंखा त्याचा कमी. आज एका फेजवरच्या घरात मामी आणि तू सारखाच स्थिर आकार भरता. हे तुमच्या ग्रुपला आवडणार नाही, मला माहितीये, कारण तुमचा वाढेल. तरी तू बोलून बघ, दोघं-तिघं तरी समजूतदार निघतील.

स्वतःपुरतं आणखी एक करता येतं आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तुझ्या पॅनलच्या विजेतली थोडीच दिवसा घरात वापरली जाते, बाकी लाईनीवर जाते. टाकी भरायची मोटर सकाळी ६ ला लावतो तुझा बाप, ती १२ ला लाव. कपडे, इस्त्री, मिक्सर, पिठाची घरगुती चक्की असेल तर ती, सगळं १० ते ४ मध्ये. जेवढी वीज घरातच संपली तेवढी लाईनीवर चढतच नाही, ये-जा कमी, व्होल्टेजचा त्रासही कमी. टीओडी (वेळेप्रमाणे दर लावणारे) मीटर आलेत तिथे दिवसा ९ ते ५ च्या वापराला सवलत द्यायची पद्धत आली ती याच कारणाने, दुपारी वीज भरपूर आहे आणि संध्याकाळी नाही. ही सवलत सोलर नसलेल्याला, म्हणजे मामींनाही मिळते, त्यांचं मीटर बदललंय का ते विचार. लोकं मीटर बदलायला आले की काठी घेऊन उभे राहतात, पण दुपारी घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्यात फायदा होऊ शकतो हे कोणी सांगत नाही.

मामींचं आता. त्यांचा वापर ८५ युनिट आहे ना, मग त्यांच्यासाठी राज्याची वेगळी योजना आहे, स्मार्ट नावाची, स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप सोलर. १ किलोवॅटचा खर्च ५० हजार धरलाय. केंद्र ३० हजार देतं. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर राज्य साडेसतरा हजार देतं, मामींना २,५०० भरावे लागतात. कार्ड नसेल पण वापर १०० युनिटांच्या आत असेल तर मामींना १० हजार भरावे लागतात, आणि अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर ५ हजार. १ किलोवॅट महिन्याला १०० ते १२० युनिटं देतं, म्हणजे त्यांचा वापर निघून जातो. आणि मजा बघ, मामींनी सोलर लावलं तर दुसऱ्यांवर तुझ्याइतका भार चढत नाही, कारण त्यांना वीज मुळातच खर्चापेक्षा स्वस्त द्यावी लागते. म्हणून मी म्हणतो सबसिडी पहिले टिनाच्या घराला द्या आणि मग स्लॅबवाल्याला, पण आपल्याकडे रांगेत पुढे नेहमी स्लॅबवालाच असतो कारण त्याला पोर्टल उघडता येतं.

अडचण छताची आहे. बल्ल्यांवर ठेवलेल्या टिनावर पॅनल टाकू नका, मे महिन्यातल्या वादळाने टिनासकट पॅनल शेजारच्या वावरात जाईल. लोखंडी कैची असेल तर जमतं, नाहीतर अंगणात पाइप गाडून मांडव करता येतो का ते लावून देणाऱ्याला विचार, त्याला १०० चौरस फुटांच्या आसपास मोकळी जागा लागते जिथे कडुलिंबाची सावली पडत नाही. अशी घरं गावात दहा-पंधरा निघाली तर मग एकेकट्याने न करता ग्रामपंचायतीला मधे घ्या. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात मान्याचीवाडीने शंभरेक घरांचं गाव असंच सोबत घेऊन सोलर केलं, राज्यातलं पहिलं सौरग्राम. आपण त्यांच्यापेक्षा जास्त ऊन खातो.

मामींच्या मुलाशी पानठेल्यावर बोलू नको, तिथे कोणी हरायला तयार नसतं. संध्याकाळी घरी जा, तुझं बिल आणि त्यांचं बिल शेजारी ठेव, वहन आकाराची ओळ दाखव, तू बोललास त्यात हे खरं आहे असं पहिले म्हण, मग फॉर्मचं काढ. पोर्टलवर ग्राहक क्रमांक, आधार, बँक पासबुक आणि मोबाईल नंबर लागतो, ओटीपी येतो तेव्हा मोबाईल मामींच्या हातात पाहिजे, पोराच्या नाही, कारण तो पुण्याला निघून गेला की अर्ज तिथेच अडकतो. आणि मीटर कोणाच्या नावावर आहे ते आधी बघ, आपल्याकडे अर्धी मीटरं वारलेल्या माणसाच्या नावावर आहेत. मामांच्या नावावर असेल तर पहिले नावबदल, त्याला वेळ लागतो, ते आजच सुरू करा.

२ किलोवॅट वाढवायचं राहिलं. सबसिडी ३ किलोवॅटला ७८ हजारावर थांबते, वरच्या २ ला छदाम मिळत नाही, सगळा पैसा तुझा. तुझी आत्ताच महिन्याला ६५ युनिटं उरतायत. उरलेली युनिटं वर्षभर पुढे जातात, ३१ मार्चला हिशोब होतो आणि तेव्हा जी शिल्लक राहते तिचा भाव तू जो दर भरायचास त्याच्या जवळपासही नसतो. लावून देणारा तुला १०१ ते ३०० च्या टप्प्याचा दर धरून नफा दाखवतोय, तो कागद फाडून टाक. पैसा खर्चायचाच असेल तर अर्थिंग तपासून घे आणि वीज पडण्यापासून वाचवणारा अरेस्टर लावलाय का ते बघ, बऱ्याच जागी नुसता रॉड उभा असतो आणि खाली तार जोडलेलीच नसते. पॅनल पंधरा दिवसांतून एकदा सकाळी सूर्य वर यायच्या आधी साध्या पाण्याने धू, दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकलं तर तडा जाऊ शकतो. आणि नवतप्यात जनरेशन थोडं कमी दिसलं तर घाबरून मेकॅनिक बोलावू नको, पॅनलला ऊन पाहिजे पण उष्णता नको असते, ४६ डिग्रीत ते जरा कमीच देतं.